शोरूमची गाडी, गोठ्यातली जोडी

परभणीची आहे असं सांगितलं की पुण्यात समोरचा हमखास दोनपैकी एक वाक्य टाकतो. सभ्य असेल तर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. आगाऊ असेल तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. मी दोन्ही हसून घेते. पहिलं वाक्य तर माझ्या बाबतीत जरा जास्तच खरं झालंय. मी चाकण पट्ट्यात गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते. जर्मन गाड्यांचे कारखाने इथून हाकेच्या अंतरावर. दिवसभर टायर, स्प्रिंग, ब्रेक आणि लॅपटॉपवर न संपणारे आलेख. आणि चार दिवस सुट्टी मिळाली की जिंतूर तालुक्यात मामांकडे. तिथे गोठ्यात दोन लाल कंधारी बैल. नावं सर्जा आणि राजा. हसू नका, आमच्याकडे दर दुसऱ्या गोठ्यात हीच नावं असतात!

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये रेसिंगचा विषय निघाला की एक प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. ‘सगळ्यांच्या गाड्या सारख्याच, तर मग एकच कसा पुढे जातो? इंजिनात काहीतरी लफडं असणारच ना?’ आपल्याला वेग म्हटलं की इंजिन आठवतं. करिअर म्हटलं की पॅकेज आठवतं, तसंच. पण स्टॉक कार रेसिंगची खरी मजा इंजिनाच्या बाहेर सुरू होते.

‘स्टॉक’ म्हणजे काय?

स्टॉक म्हणजे शोरूममधून आली तशी गाडी. कसली कारागिरी नाही, काही वाढवायचं नाही. निदान मूळ कल्पना तरी हीच होती. अमेरिकेत ‘नॅसकार’ ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर तिची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ रेस झाली. फोर्ड चालवणारा ग्लेन डनवे पहिला आला. टाळ्या झाल्या, मग तपासणी झाली. गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये कारागिरी सापडली. ही गाडी चोरट्या दारूच्या धंद्यातली होती. मागे माल भरून पोलिसांच्या पुढे पळायचं तर गाडीची मागची बाजू बसता कामा नये, म्हणून स्प्रिंग कडक केलेल्या. डनवे बाद झाला आणि लिंकन चालवणारा जिम रोपर विजेता ठरला. गाडीचा मालक कोर्टात गेला, तिथेही हरला.

म्हणजे या खेळाचा पहिलावहिला निकालच मुळी स्प्रिंगवर लागला!

आज नॅसकारची मुख्य मालिका शोरूमपासून फार लांब गेलीय. शोरूममधली टोयोटा कॅम्री हायब्रिड असते आणि ताकद पुढच्या चाकांना देते. ट्रॅकवरच्या कॅम्रीत व्ही-एट इंजिन असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. दोघींमध्ये सारखं असतं ते नाव आणि चेहरामोहरा. लग्नाच्या बायोडेटातला फोटो आणि प्रत्यक्षातला मुलगा, एवढंच नातं.

आपल्याकडे शोरूमच्या गाडीची रेस जवळून बघायला मिळाली ती २०१० पासून, फोक्सवॅगनच्या ‘पोलो कप’मुळे. कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला होता. तिथे बनणाऱ्या पोलोला रेसचं रूप देऊन ही मालिका सुरू झाली. पुढे पोलोच्या जागी व्हेण्टो आली, २०१७ मध्ये अमिओ आली. कोइमतूरचा कारी ट्रॅक आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक ही या रेसची मुख्य ठिकाणं होती. एकाच मेकची रेस, म्हणून इंजिन सगळ्यांना सारखं, टायर सारखे. तरी कुणीतरी पहिला यायचा आणि कुणीतरी शेवटचा. तो फरक येतो कुठून, हाच तर कॅण्टीनमधला प्रश्न.

तव्याचा नियम

उत्तराची सुरुवात टायरपासून करायची. गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण आपल्या तळहाताएवढा. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचं म्हणणं रस्त्यापर्यंत पोचतं ते या चार तळहातांमधूनच.

रेसचा टायर भाकरीच्या तव्यासारखा असतो. तवा गार असेल तर भाकरी चिकटते, फार तापला तर करपते. मधल्या एका पट्ट्यातच ती टम्म फुगते. रेसचं रबरही तसंच. गार असताना घसरतं, फार तापलं की पुन्हा घसरायला लागतं आणि झिजतंही. मधल्या पट्ट्यात ते रस्त्याला धरून ठेवतं. ज्याचा टायर या पट्ट्यात लवकर येतो आणि जास्त वेळ टिकतो, तो पुढे.

हा पट्टा गाठायचा कसा? हवेच्या दाबानं. सकाळी २५ अंश तापमानात टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली आणि पळून पळून आतली हवा ८५ अंशांपर्यंत तापली, तर तोच दाब साधारण ३९ पीएसआय होतो. शाळेतलं वायूंचं गणित आहे, वेगळी जादू नाही. म्हणून हुशार टीम सकाळी दाब भरताना दुपारचा विचार करून भरते. नॅसकारमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरतात, कारण कोरड्या नायट्रोजनमध्ये पाण्याची वाफ नसते आणि दाब किती वाढेल याचा अंदाज नीट बांधता येतो.

सरावाच्या फेऱ्या मारून गाडी आत आली की मेकॅनिक टायरच्या रबरात एक सुई टोचतो. आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला. तीन ठिकाणची तीन तापमानं. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त झाली. दोन्ही कडा जास्त तापल्या असतील तर हवा कमी पडली. आतली कड फारच तापली तर चाक आतल्या बाजूला जास्त कललंय. टायर बोलतो, फक्त त्याला विचारणारा पाहिजे.

दुसरी गोष्ट वजनाची. किती आहे यापेक्षा कुठे आहे, हा मुद्दा. नॅसकारच्या पिट स्टॉपमध्ये मेकॅनिक मागच्या काचेतून एक लांब पाना घालून फिरवताना दिसतो, तो स्प्रिंगवरचा ताण बदलत असतो. याला ‘वेज’ म्हणतात. कॅण्टीनच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवा. त्या पायावर आणि तिरप्या समोरच्या पायावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. वेज म्हणजे तीच कागदाची घडी. वळणावर गाडीचं नाक बाहेर पळतंय की शेपूट, हे त्या घडीनं बदलता येतं. एकूण वजन तेवढंच राहतं, फक्त वाटणी बदलते.

तिसरी गोष्ट हवामान. दुपारची गरम हवा विरळ असते. जानेवारीत परभणीला पहाटे १२ अंश आणि दुपारी ३० अंश असले, तर दुपारी त्याच सिलिंडरमध्ये जवळपास ६ टक्के कमी हवा शिरते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच मापात उतरते. सकाळच्या सरावात उडणारी गाडी दुपारच्या रेसमध्ये जड वाटली, तर लगेच मेकॅनिकला शिव्या घालू नयेत. इंधनाचंही वजन असतं. ४० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ३० किलो. पूर्ण टाकी भरून निघालेली गाडी शेवटच्या फेरीतल्या गाडीपेक्षा वेगळीच गाडी असते.

आणि मग ड्रायव्हर. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी. ब्रेकवर सगळी उडवली तर वळायला काही उरत नाही. चांगला ड्रायव्हर वळणाआधी ब्रेक सोडत सोडत ती हळूहळू स्टिअरिंगला देतो, आणि वळणातून बाहेर पडताना हळूहळू अॅक्सिलरेटरला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा तर आरामात चालवतोय. आरडाओरडा करणारे टायर, फुटभर धूर, हे सगळं दिसायला फर्स्ट क्लास. घड्याळात मात्र त्याचं नुकसानच दिसतं.

आता यादी बघा. दाब, तापमान, वजनाची वाटणी, हवा, हात. यातली एकही गोष्ट गाडीचा वेग ‘वाढवत’ नाही. गाडीत जो वेग आधीपासून आहे, तो सांडू देत नाही. हे मी इंजिनीअरिंगच्या पुस्तकांतून आणि नोकरीत शिकले. पण हेच वाक्य मी त्याआधी मामांच्या तोंडून ऐकलं होतं. ‘पटाच्या दिवशी बैल तयार व्हत नसतो माय. त्या दिवशी तो फकस्त बिघडू शकतो.’

पटावरची जोडी

पट म्हणजे शंकरपट. बैलांची शर्यत. पुणे-जुन्नरकडच्या मित्रांना बैलगाडा माहीत असतो. तिकडे घाट, पुढे पळणारी घोडी, चार बैल. आमच्या मराठवाड्यात आणि विदर्भात शंकरपट असतो. हलक्या छकड्याला दोन बैल, सरळ पट्टी आणि समोर घड्याळ. सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर निकाल लागतो. काही पटांवर खास पळवायलाच सांभाळलेल्या जोड्या येतात. त्यांचा खुराक ऐकला तर तुमच्या जिमवाल्या मित्राला न्यूनगंड येईल. दूध, तूप, उडदाचं पीठ, खारीक. पण मामांच्या गावाजवळच्या पटात आणखी एक गट असतो, शेतात औत ओढणाऱ्या घरच्या जोड्यांचा. म्हणजे अगदी शुद्ध स्टॉक क्लास. शोरूममधून आली तशी, गोठ्यातून आली तशी!

मामा या गटातले. कंधारी बैल मूळचे नांदेडच्या कंधार भागातले, अंगानं गडद लाल, मध्यम बांध्याचे, कामाला चिवट. मामांची तयारी बरीच आधी सुरू होते. तयारी म्हणजे काय, तर रोज पहाटे जोडीला मऊ वावरातून चालवायचं. पळवायचं कमी, चालवायचं जास्त. छकड्याच्या आसाला वंगण द्यायचं, दोन्ही चाकं हातानं फिरवून कुठे घासतंय का बघायचं. जू दोघांच्या खांद्यांवर सारखं बसतंय का तपासायचं. छकड्याचं वजन मागे गेलं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे आलं की खांदे दबतात. हाकणाऱ्यानं कुठे उभं राहायचं, ते मामा बोटभर मापानं ठरवतात. कॅण्टीनच्या टेबलाखालची कागदाची घडी आठवली? तीच.

जोड लागणं हा आणखी वेगळा प्रकार. एक बैल कितीही तेज असला तरी उपयोग नाही. दुसरा तेवढाच निघाला नाही तर छकडा तिरका होतो आणि तेजाचा सगळा जोर जोडीदाराला ओढण्यात जातो. टीमवर्कच्या ट्रेनिंगला कंपनी आपल्याला लोणावळ्याला नेते. त्याऐवजी एकदा पटावर न्यावं.

मामांकडे चाबूक नाही. आधीपासूनच नव्हता, पण आता कुणालाच तो आणता येत नाही. हा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. २०११ मध्ये केंद्र सरकारनं प्रदर्शनासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. अटी साध्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी, चाबूक, विजेचा झटका यातलं काही नाही. जनावराचे हाल केले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

बैल पळवूच नयेत, असं मानणारे माझ्या ऑफिसात पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. गाडीला तपासायला मी सुई टोचते, ती तीन आकडे सांगते. बैल आकडा सांगत नाही. ‘आज नको’ असं म्हणायला त्याच्याकडे तोंड आहे, भाषा नाही. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी ‘नको’ म्हणायला शिकलेलं असणं, ही या खेळाची पहिली अट असली पाहिजे. कायद्याच्या कागदावर ती अट लिहिता येते. ती पाळणारा माणूस मात्र गोठ्यातच तयार व्हावा लागतो.

जानेवारी २०२४

त्या वर्षी संक्रांतीनंतरच्या पटाला मी सुट्टी काढून गेले होते. तो पट माझ्या मामेभावासाठी मोठा होता. का, ते सांगते. तो माझ्याच वयाचा. आम्ही सगळी भावंडं पुणे, संभाजीनगर, हैदराबाद अशी पांगलो. शेती बघायला तो एकटा मागे राहिला. मराठवाड्यात शेती करणाऱ्या मुलाचं लग्न हा काय प्रकार असतो, ते तिकडच्या कुणालाही विचारा. मुलगी स्वतः शेतकऱ्याच्या घरची असते, पण जावई मात्र नोकरीवाला पाहिजे. पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा चालेल, दहा एकरवाला नको. तीन ठिकाणांहून त्याला नकार आला होता. चौथ्या ठिकाणचे पाहुणे ‘पटाला येतो, तिथंच भेटू’ म्हणाले होते. पटावर जोडी पळवणारा, नाव पुकारलं जाणारा मुलगा म्हणून ते त्याला पहिल्यांदा बघणार होते. कुठल्याही इंटरव्ह्यूपेक्षा मोठा दिवस.

चार महिने त्यानं पहाटे चार वाजता उठून जोडी फिरवली होती. वर्गणी भरली होती. शर्ट नवा होता.

पटाच्या सकाळी मामा नेहमीप्रमाणे अंधारात गोठ्यात गेले. मी चहा घेऊन मागे गेले. ते सर्जापुढच्या गव्हाणीत हात घालून उभे होते. रात्री टाकलेल्या कडब्यातला बराचसा तसाच होता. त्यांनी त्याच्या नाकपुडीवर तळवा ठेवला. निरोगी बैलाचं नाक ओलसर असतं. मग कान धरून पाहिले. मग काही न करता नुसते उभे राहिले, दहा मिनिटं तरी. राजा खाली बसून निवांत रवंथ करत होता. सर्जा उभाच. तोंड हलत नव्हतं. मधूनच मागचा उजवा पाय उचलून पुन्हा टेकत होता.

पटावर पशुवैद्यक आले. त्यांनी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. पाय दाबून पाहिला, सूज नव्हती. खूर पाहिले, ठीक. प्रमाणपत्रावर सही झाली. माझ्या भाषेत सांगायचं तर सगळे आकडे हिरव्या रंगात.

मामा म्हणाले, ‘आज न्हाई जुंपायची जोडी.’

‘कामून?’ मामेभाऊ ओरडलाच. ‘डॉक्टर सही करायलेत अन् तुम्ही न्हाई म्हणायलात?’

‘त्यानं वैरण टाकलीय.’

‘एक रात वैरण कमी खाल्ली म्हणून?’

‘एका जागी पाय टेकना झालाय. सांगायलाय तो. ऐकू येत नसंल तर माझा काय इलाज?’

आजूबाजूचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला हरायची भीती वाटायली. पाहुणे आले, मांडवात बसले, चहा प्यायले. त्यांच्यासमोर आमच्या गटातल्या दुसऱ्या जोड्या सुटत राहिल्या. घड्याळाचे आकडे पुकारले जात राहिले. मामेभाऊ छकड्याच्या चाकाला टेकून उभा होता. त्याचं नाव कुणी पुकारलं नाही.

मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि मला ऑफिसातले दिवस आठवले. टेस्टचा दिवस ठरलेला असतो, ट्रॅकचं भाडं भरलेलं असतं, वरचे साहेब बघायला आलेले असतात. अशा वेळी ‘गाडी आज बाहेर काढू नका’ म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आकडे हिरवे असताना तर नाहीच नाही. रेसच्या निकालपत्रकात अशा गाडीपुढे तीन अक्षरं लिहितात, डीएनएस. डिड नॉट स्टार्ट. सुरूच केली नाही. त्या तीन अक्षरांमागे किती भांडणं झाली, कुणाची चार महिन्यांची मेहनत होती, याचा पत्रकात रकाना नसतो.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? संध्याकाळी सर्जा आजारी पडला आणि मामा खरे ठरले, असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वैरण व्यवस्थित खाल्ली. पायही नीट टेकला. कदाचित पटावर तो फक्कड पळाला असता. कदाचित अर्ध्या पट्टीत पाय मुडपून छकड्यासकट आडवा झाला असता, आणि छकड्यावर उभा असणार होता माझा मामेभाऊ. यातलं खरं काय, ते कळायचा रस्ताच मामांनी बंद केला होता. न पळवलेल्या शर्यतीचा निकाल लागत नाही. म्हणून तर हा निर्णय इतका अवघड. बरोबर ठरला तरी पुरावा हाती येत नाही.

पाहुण्यांकडून पुन्हा फोन आला नाही. मामेभाऊ चार दिवस मामांशी बोलला नाही. दोघं एकाच ताटाजवळ बसून माझ्या मामीमार्फत बोलायचे. ‘त्यांना म्हणावं, मीठ द्या.’

महिन्याभरानं शेजारच्या गावच्या पटात तीच जोडी पळाली. गटात चौथी आली. बक्षीस तिघांनाच होतं.

जिंकणाऱ्यांचं एक गुपित

हे सगळं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, ‘मग मॉरल काय?’ आपल्या पिढीला प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ लागतेच. मॉरल नाही, पण एक निरीक्षण आहे.

आपण सगळे रेसच्या दिवसावर फिदा असतो. प्रेझेण्टेशनचा दिवस, अॅप्रेझलचा दिवस, इंटरव्ह्यूचा दिवस. आदल्या रात्री जागून, चार कप कॉफी पिऊन, आरशासमोर स्वतःला ‘यू कॅन डू इट’ म्हणून आपण त्या दिवशी जास्त वेगवान व्हायचा प्रयत्न करतो. म्हणजे काय, तर टायर आधीच तापवून करपवतो. ट्रॅकवर मी पाहिलेले चांगले लोक त्या दिवशी कंटाळवाणे असतात. तेच नट पुन्हा तपासतात, तोच दाब पुन्हा मोजतात, कमी बोलतात. त्यांचं काम गेल्या महिन्यात झालेलं असतं. त्या दिवशी ते फक्त ऐकत असतात. आणि ऐकू आलेलं सोयीचं नसलं तरी मान्य करायची त्यांची तयारी असते. स्टॉक गाडीत हे जास्तच दिसतं, कारण तिथे दुसऱ्यापेक्षा मोठं इंजिन आणून सुटका करून घेता येत नाही. मिळाली तीच गाडी, आहे तीच जोडी. तिला नीट ओळखलं तर ती तिच्याकडे आहे तेवढं सगळं देते.

चाबूक गेल्यावर आमच्या भागातल्या पटांवर हाच बदल मला दिसला. आधी शेवटच्या पन्नास मीटरला मारून मारून बैल पळवता यायचा. आता पट्टीवर उभं राहून काहीच करता येत नाही. जे करायचं ते आधीचे चार महिने. जू, आस, खुराक, चाल, जोड. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायकाही जोड्या हाकतात. मनगटाच्या जोरापेक्षा कासऱ्यावरचा हलका हात कामाला येतो, हे त्यांच्याकडे बघून लगेच पटतं.

मामेभाऊ आता रोज पहाटे आधी गव्हाणीत हात घालतो. किती वैरण उरली ते बघतो, मगच चहा घेतो. मामांनी त्याला हे करायला सांगितलेलं नाही आणि तोही याबद्दल काही बोलत नाही. लग्न अजून जमायचंय. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा. मुलगा निर्व्यसनी, दहा एकर, दोन बैल. आणि ऐकू चांगलं येतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. दिवाळीला गावी निघाल तेव्हा टायरमधली हवा घरून निघताना, गाडी गार असताना तपासा. अहिल्यानगर-बीडमार्गे तीन तास पळून आल्यावर पंपावर मोजली तर आकडा जास्त दिसेल. तुम्हाला वाटेल हवा भरपूर आहे, आणि तुम्ही थोडी काढून टाकाल. तसं करू नका. तापलेल्याचा आकडा खरा धरायचा नसतो. गाडीचाही नाही, माणसाचाही नाही.